नक्कोराणी

आमच्या घरात प्रत्येकाला काही ना काही येतं. थोरल्या भावाला फ्यूज बसवता येतो, वहिनीला लोणचं घालता येतं, आईला दारात उभा राहिलेला माणूस कशाला आलाय हे त्यानं तोंड उघडायच्या आत ओळखता येतं. मला यातलं काहीच येत नाही, म्हणून घरातली लहान पोरं माझ्या वाट्याला आली. पोरं वाट्याला आली की गोष्टी सांगणं आलंच. सरकारी कचेरीत मी कारकून आहे, पण तिथं मला कुणी दोन वाक्यांच्या पुढं बोलू देत नाही. माझी सगळी बढती घरच्या ओट्यावर झाली.

परवा मनूची, म्हणजे माझ्या पुतणीची, पाच वर्षांची मुलगी मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, "काकाआजोबा, नक्कोराणी खरी होती का?" बावन्नाव्या वर्षी आजोबा म्हणवून घ्यायची माझी अजून तयारी नाही, पण प्रश्नच असा होता की मी तेवढं सोडून दिलं. म्हटलं, होती. तलवार होती? म्हटलं, नाही, धनुकली होती. मग धनुकली म्हणजे काय ते सांगावं लागलं, आणि एकातून एक निघत गेलं. तिला सांगताना जे गाळलं तेही इथं लिहितो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कडुलिंब आहे. त्याच्याखाली हमीदाखाला, म्हणजे हमीदामावशी, गाद्या भरायची. पिंजाऱ्याची लेक, पिंजाऱ्याचीच सून, आणि नवरा गेल्यावर स्वतःच पिंजारी. सकाळी झाडाखाली ताडपत्री अंथरायची, जुन्या गादीचं पोट उसवून गोळे झालेला कापूस बाहेर काढायची आणि माणसाएवढी लांब धनुकली घेऊन बसायची. धनुकलीला आतड्याची तात असते. ती कापसात धरून लाकडी ठोक्यानं हाणली की टुंग, टुंग असा आवाज होतो आणि दगडासारखा कापूस ढगासारखा होऊन उडायला लागतो. तो ढग खालाच्या भुवयांवर, पापण्यांवर, कानाच्या पाळ्यांवर बसायचा. त्यामुळं आठवड्याचे सहा दिवस ती सत्तरीची दिसायची आणि शुक्रवारी न्हाऊन आली की चाळिशीची. कितीतरी दिवस मला या दोन वेगळ्या बायका वाटायच्या, आणि सत्तरीवालीला मी एकदा तुमच्या लेकीला सलाम सांगा असं म्हणालोही होतो.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ती नवी नवरी होती. गल्लीतल्या जुन्या माणसांपुढं हा विषय निघाला की काही एकदम गप्प व्हायची आणि काही थांबायचीच नाहीत. आईनं एकदा खालाला विचारलं, तर ती म्हणाली, "पहले निजाम के शिपायांच्या गाद्या भरी, बाद में इंडिया के शिपायांच्या. दोनो घोरते. कापूस वही." आणि पदर झटकून उठली.

गाद्यांवरून ती माणसं वाचायची. गादी घेताना आधी तिच्यावरून तळहात फिरवायची, इथं दाबायची, तिथं दाबायची. डॉक्टर पोट दाबतो तसं. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कोणाला रात्रभर झोप नाही, कोणत्या घरात नवराबायकोच्या मध्ये हातभर जागा मोकळी राहते, सगळं तिला कळायचं. पण बोलायची नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर तिचं एक ठरलेलं उत्तर होतं, "गादी सब बोलती. मैं नै बोलती."

ज्याचं त्याला मात्र सांगायची. माझी गादी पहिल्यांदा उसवली तेव्हा तिनं मला बोलावून दाखवलं. गादीची एकच कड चेपून पापड झाली होती, बाकी सगळी कोरी करकरीत. "क्या बाबूसाब, अकेला आदमी, इतनी बडी गादी, और तू कोपऱ्यात सोता? बाकी जागा किसकू दिया रे?" मी म्हटलं, सवय आहे. तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला पुढं दोन वर्षांनी कळला.

तर, गोष्ट. तिची सुरुवात मनूनं केली. तेव्हा ती आठ वर्षांची होती. धापा टाकत आली आणि म्हणाली, काका, झाडाखाली एक बाई धनुष्य घेऊन बसलीय, पण तिचे बाण संपलेत. एवढ्या भांडवलावर मी कित्येक वर्षं चालणारी लढाई उभी केली. रोज कचेरीतून आलो की चहा घेऊन ओट्यावर बसायचं आणि पुढचा भाग सांगायचा. एक होता सम्राट, त्याचं नाव हौशहा. आमच्याकडं दखनीत हो म्हणायला हौ म्हणतात, त्यावरून. त्याच्याकडं तोफा नव्हत्या, हत्ती नव्हते. त्याची जादू एवढीच की त्याच्यासमोर उभं राहिलं की माणसाच्या तोंडून आपोआप हौ निघायचं. एकदा हौ म्हटलं की माणूस एक बोट बुटका व्हायचा, आणि सम्राट एक बोट उंच. असं करत करत सम्राट दौलताबादच्या किल्ल्याएवढा झाला आणि प्रजा झाली पेल्याएवढी. आता त्याच्याशी लढणार कोण? तर जिच्या तोंडून हौ निघतच नाही अशी एक राणी.

हे नाव मला शोधावं लागलं नाही. खालाच्या तोंडी दिवसातून शंभरदा एकच शब्द असायचा. चहा घेणार का? नक्को. सावलीत या. नक्को. मुलीकडं लासूरला जाऊन राहा की. नक्को. आमच्या मराठीतला नको साधा, खालच्या आवाजातला. तिच्या नक्कोमधला तो जोडाक्षराचा ठोका धनुकलीवर पडल्यासारखा वाजायचा.

पहिल्या दिवशी मी नक्कोराणीला पांढऱ्या घोड्यावर बसवलं, हातात तलवार दिली आणि किल्ल्यावर चालून नेलं. तेवढ्यात झाडाखालची टुंग टुंग थांबली.

"ऐ बाबूसाब. वो बाई मैं क्या?"

मी म्हटलं, तशी काही... म्हणजे थोडीशी.

"मेरेकू राणी नक्को बना. और घोडे पे तो बिलकुल नक्को बिठा. घुटने दुखते मेरे."

मनू म्हणाली, राणी नाही म्हणते, आता काय करायचं? मी राणीला घोड्यावरून उतरवलं आणि उडत्या गादीवर बसवलं. दुसऱ्या दिवशी त्यालाही हरकत आली. गादी उडायला लागली तर लोक म्हणतील हमीदानं कापूस कमी भरला. तिसऱ्या दिवशी तलवार गेली. "मारना नक्को. शिपाई लोग हैं, थके रहते. सुला दे." मग माझ्या राणीला लढाई अशी करावी लागली की ती डोंगरावर बसून आभाळातले ढग पिंजायची, त्यांच्या मऊ गाद्या करून रणांगणावर अंथरायची, आणि दमलेलं सैन्य एकेक करून आडवं व्हायचं. ही कल्पना माझी म्हणून मी पुढं कितीतरी ठिकाणी सांगितली आहे.

गोष्ट ऐकणाऱ्यानं मध्ये मध्ये 'हूं' म्हणायचं असतं. त्याशिवाय सांगणाऱ्याचं पाऊल पुढं पडत नाही. मनू निम्म्यात पेंगायची. मग हूं कोण म्हणायचं, तर झाडाखालची धनुकली. गोष्ट रंगली की ठोके संथ पडायचे, कंटाळवाणी झाली की भराभर पडायचे, आणि खोटं काही सांगितलं की बंदच. मी ऐकते असं खालानं कधी कबूल केलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

दोन वर्षांनी समोरच्या नव्या बंगलीत एक निवृत्त तहसीलदार राहायला आले. मनू तोवर दहाची झाली होती आणि लढाईचा दुसरा उन्हाळा चालू होता. तहसीलदारसाहेब वाईट नव्हते, पण तीस वर्षं त्यांच्यासमोर माणसं उभी राहिलेली होती, आणि बसलेला माणूस दिसला की त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. खाला दिवसभर बसलेली. त्यात कापूस उडून त्यांच्या दाढीच्या साबणात पडायचा, चहात पडायचा. एकदा तो त्यांच्या चष्म्यावर बसला आणि त्यांना वाटलं मोतीबिंदू झाला.

त्यांनी अर्ज लिहिला. सदर झाडाखाली चालणाऱ्या पिंजणकामामुळे रहिवाशांच्या आरोग्यास बाधा येत असून सदर इसमास तेथून हलवणेत यावे, असा. खाली सगळ्या गल्लीच्या सह्या, आणि शेवटी खालाचा अंगठा, की मी राजीखुशीनं जागा सोडते.

इथं सांगायला हवं की झाड गेलं तर खालाचं काय होतं. तिची खोली चार हात लांब, तीन हात रुंद, आणि तिला खिडकी नव्हती. एका पावसाळ्यात तिनं घरात बसून पिंजून पाहिलं होतं. महिनाभर खोकत होती, आईच तिला काढा नेऊन देत होती. झाड गेलं की धंदा गेला, आणि धंदा गेला की लासूर स्टेशन, लेकीचं घर. लेकीशी तिचं छान होतं, जावई भला होता, पण आईला ती म्हणाली होती, "बेटी के घर जाती मैं, ईद कू जाती. पण जावई के आंगन में बैठको धंदा नक्को. आज तक मैं किसीकू विचारून बसी नै, किसीकू विचारून उठी नै."

साहेब अर्ज घेऊन घरोघर फिरत होते. आमच्या ओट्यावर आले तेव्हा मी गोष्टच सांगत होतो. हौशहानं नक्कोराणीच्या गावातल्या लोकांना दरबारात उभं केलं होतं, गोष्ट नेमकी तिथं आली होती. साहेबांनी कागद माझ्यापुढं धरला, स्वतःचं पेन टोपण काढून पुढं केलं आणि म्हणाले, "एक सही करा. माझं वैयक्तिक काही नाही. बाकीच्यांनी केली आहे."

वर तिघांच्या सह्या होत्या. चौथी माझी. मी काय विचार केला हे मला आठवत नाही, कारण विचार केला नव्हता. तोंडातून "हो साहेब" निघालं, हातानं सही केली, वर मी त्यांना चहा घेणार का असंही विचारलं.

ते गेल्यावर मनूनं आधी माझ्या पायांकडं पाहिलं, मग डोक्याकडं पाहिलं, आणि दोन्हीतलं अंतर मनात मोजलं. झाडाखालची टुंग टुंग चालू होती. एकसारखी, भराभर. त्या दिवशी मी गोष्ट तिथंच थांबवली, डोकं दुखतंय म्हणून. पुढचे दोन दिवसही दुखलं, आणि गादीच्या कडेला पडून असताना खालानं तेव्हा मान का हलवली होती ते कळलं.

रविवारी सकाळी साहेबांनी झाडाखाली खुर्ची टाकली आणि सगळ्यांना बोलावलं. अर्ज मोठ्यानं वाचला. खाला ताडपत्रीवर बसून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "साब, इसमें राजी कौन है और खुशी कौन है?"

कुणीतरी हसलं आणि साहेबांनी पाहिल्यावर गप्प झालं. साहेबांनी शाईची डबी उघडली. अंगठा.

"नक्को."

साहेबांनी समजावलं, की गल्लीचं म्हणणं आहे.

"नक्को."

साहेब म्हणाले, नाहीतर मग वर जावं लागेल.

"आप जाओ वर. मैं खाली बरी हूं. मेरेकू नक्को." मग तिनं हात पुढं केला. "कागद तो देखने दो."

साहेबांनी दिला. खालाला वाचता येत नव्हतं. तिनं पहिल्या सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही कुणाची. साहेबांनी नाव सांगितलं. खालानं मान वर करून गर्दीत त्या माणसाला शोधलं आणि त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. गादीचं माप घेताना बघायची, तसं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुढची सही. ही कुणाची? आणि त्याच्याकडं तसंच. आता सगळ्यांच्या लक्षात आलं. गल्लीतली एकेक गादी या बाईनं उसवलेली होती. कोणाच्या घरात काय आहे ते हिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि हिनं तोंड उघडलं तर, हा विचार एकाच वेळी सगळ्यांच्या चेहऱ्यावरून गेला. ती बोलली मात्र काहीच नाही. तेच अवघड होतं. चौथ्या सहीवर बोट आलं तेव्हा मी लिंबाच्या पानांचं फार बारकाईनं निरीक्षण करत होतो.

शेवटी तिनं अर्जाच्या तळाशी बोट ठेवलं. ही? ती साहेबांची स्वतःची. साहेबांची गादी पंधराच दिवसांपूर्वी त्यांच्या बाईसाहेबांनी गुपचूप तिच्याकडं पाठवली होती. खालानं साहेबांकडं सगळ्यात जास्त वेळ पाहिलं. साहेबांनी पाय जवळ घेतले आणि शाईच्या डबीचं झाकण लावलं.

खालानं कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो कमरेच्या बटव्यात घातला. "मेरेकू पढता नै. किसीकू दिखाको सांगती." मग धनुकली उचलली. टुंग. पहिलाच ठोका असा बसला की साहेबांच्या दोन्ही खांद्यांवर पांढऱ्या झुली चढल्या.

तीस वर्षं दुसऱ्यांकडून तीन-तीन प्रती मागून घेतलेला माणूस स्वतःच्या अर्जाची नक्कल ठेवायला विसरला होता. दुसरा अर्ज लिहून ते पुन्हा फिरले, पण आता दारं उघडत नव्हती. आमच्याकडं आले तेव्हा मी बोलायच्या आत आतून आईचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, नक्को." आयुष्यात दखनीचा एक शब्द न बोललेली माझी आई. मी म्हणणारच होतो. आईनं घाई केली.

झाड राहिलं, खाला राहिली. साहेबांनी कूलर घेतला आणि दारं लावून बसू लागले.

राहिलो मी. माफी मागायची असं रोज ठरवायचो आणि रोज कचेरीतून येताना शहागंजच्या घड्याळापर्यंत वाक्य तयार करायचो. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत ते विरघळून जायचं. मग मी मला जमतं ते केलं. गोष्टीत एक नवा शिपाई घातला. विचार न करता हौ म्हणालेला, आता पस्तावलेला, डोंगराच्या पायथ्याशी बसून रडणारा. चार संध्याकाळी मी त्याला रडवला, मुद्दाम मोठ्या आवाजात. पाचव्या दिवशी खाला ओट्यावरून जाता जाता म्हणाली, "उस शिपाई कू जास्ती नक्को रुला. जेवायला दे कुछ." आणि गेली. ही माफी होती की गोष्टीवरची नेहमीची हरकत, मला कळलं नाही.

गोष्टीचा शेवटही तिनं होऊ दिला नाही. सम्राट मेला म्हटलं तर नक्को. तो पळाला म्हटलं तर, कुठं जाईल बिचारा एवढा उंच. राणी तख्तावर बसली म्हटलं तर, "तख्त की गादी मैं भरती. बैठती नै." शेवटी मनूच मोठी झाली आणि गोष्ट तशीच राहिली.

दर दोन वर्षांनी माझी गादी खालाकडं जायची. भरून झाली की शेवटचे टाके घालायच्या आधी ती मला हमखास आत पिटाळायची, चहा आण म्हणून. एरवी चहाला नक्को म्हणणारी बाई. मला कधी शंका आली नाही. पुढं तिचे हात थकले आणि ती लासूरला गेली. कुणी घालवलं नाही. एका सकाळी उठली, ताडपत्री गुंडाळली आणि कुणाला न विचारता गेली.

गेल्या वर्षी मी गादी पहिल्यांदा मशीनवाल्याकडं दिली. संध्याकाळी त्यानं माझ्या हातात गादीच्याच कापडाची शिवलेली एक चपटी पिशवी ठेवली. म्हणाला, कापसात होती, बरोबर कडेला, तुम्ही झोपता तिथं. आत चार घड्यांचा कागद होता. सदर झाडाखाली चालणाऱ्या पिंजणकामामुळे. सगळ्या सह्या जशाच्या तशा. फक्त चौथीवर लाल दोऱ्याचे बारीक टाके घातले होते, फाटलेल्या खोळीला घालतात तसे. तिनं माझी सही खोडली होती की शिवली होती, ते मी बराच वेळ बघत बसलो.

पुढच्या रविवारी लासूरला गेलो. लेकीचं घर रुळांच्या कडेलाच आहे. खाला अंगणात बाजेवर बसली होती. जवळ गेलो तर भुवया पांढऱ्या. मला वाटलं कापूस. पण हा झटकून जाणारा नव्हता.

मी कागद पुढं केला. म्हटलं, माझ्या गादीत होता.

"गादी में क्या क्या रहता," ती म्हणाली, आणि कागदाला हात लावला नाही.

गाडीत घोकलेली दोन वाक्यं माझ्याजवळ होती. ती काही निघेनात. मग मी गोष्ट सुरू केली. तो शिपाई चालत चालत नक्कोराणीच्या दाराशी आला. खालाची बोटं बाजेच्या लाकडावर हळूहळू वाजायला लागली. टुक. टुक. शिपाई म्हणाला, राणी, त्या दिवशी मी विचार न करता हौ म्हटलं. माझी उंची परत मिळेल का?

बोटं थांबली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्या रविवारी पाहिलं होतं तसंच, माप घेत.

"कितना कम हुआ था?"

"एक बोट."

"मालूम मेरेकू. हर बार तेरी गादी एक बोट कम करकोच भरी मैं. कभी पाय बाहर आए?"

मी म्हटलं, नाही.

"फिर?"

शेवट आता अगदी तोंडाशी आला होता. मी विचारलं, "खाला, संपवू का गोष्ट?"

"नक्को," ती म्हणाली, आणि बोटं पुन्हा वाजायला लागली.

परतीची गाडी तिच्या अंगणाला लागूनच जाते. मी खिडकीतून हात हलवला. तिला तोवर लांबचं दिसेनासं झालं होतं. हलणारा हात पाहून कुणी फेरीवाला काही विकतोय असं तिला वाटलं असावं. तिनं तळहात आडवा हलवला, दोनदा, ठाम. ते तिचं मला शेवटचं दिसणं. मी हात आत घेतला आणि बाकावर ताठ बसलो. बाक अख्खा मोकळा होता. मी कोपऱ्यातून उठून मधोमध सरकलो.